मी एकशेसाठ, नीलपंखी नव्हे

मी एकशेसाठ बोलतेय. माझं वाटोळं या घरातल्या थोरल्यानं केलं, हे आधीच सांगून टाकते. वयानं मोठा आहे म्हणून त्याला सोडणार नाही.

आम्ही सगळ्या गाड्या एकाच कारखान्यातल्या. दोन दारांच्या, बुटक्या, पळायला वेड्या. मायदेशी राहिल्या त्यांना नाव मिळालं नीलपंखी, लांब निमुळतं नाक आणि उजवीकडे स्टिअरिंग. बोटीत चढलो त्या आम्हाला नुसता आकडा. नाक आखूड, पुढे जाडजूड बंपर, दोन्ही कुशींना केशरी दिवे, स्टिअरिंग डावीकडे. परक्या देशाचा कायदाच तसा. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

इकडेच स्थायिक झालेल्या थोरल्याच्या बाबांनी मला घेतलं. धाकटी माझ्यावरच गाडी शिकली आणि पहिल्याच दिवशी मला फाटकावर घातलं. बंपरला हा एवढा पोचा! पोरगी रडवेली झाली. बाबा हसले, "राहू दे गं. आता ही तुझीपण गाडी झाली."

तो पोचा त्यांनी शेवटपर्यंत काढला नाही. ते गेल्यावरही धाकटी दर सुट्टीत यायची. आधी पोच्यावरून हात फिरवायची, मग घरात जायची.

थोरल्याला मात्र जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या म्हाताऱ्यांनी चढवलं. "अरे, खरी गाडी म्हणजे नीलपंखी! ही कसली, बाहेर धाडायचा माल."

झालं! यानं पत्रेवाल्याला बोलावलं.

"अहो, वन्संना विचारलंत का?" बायको म्हणाली.

"तिला काय कळतंय गाडीतलं?"

बंपर भंगारात गेला. दिव्यांची भोकं बुजवली, फायबरचं लांब नाक डकवलं, पाठीवर नीलपंखीचं नाव. क्लबाच्या प्रदर्शनात परीक्षकानं काचेतून आत डोकावलं. "नीलपंखी? आणि स्टिअरिंग डावीकडे?" सगळ्यात आधी कोण हसलं असेल? तेच म्हातारे.

सुट्टीत धाकटी आली. नव्या नाकावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला.

"दादा, बंपर कुठाय?"

"अगं, तसाच दुसरा आणू की."

"तसाच? पोच्यासकट?"

खांद्यावरची बॅग तिनं उतरवलीच नाही. तशीच फाटकाबाहेर गेली.

आता मी ताडपत्रीखाली उभी आहे. पुढेमागे कुणी मला बाहेर काढलंच, तर पाठीवरचं ते नाव तेवढं उपटून टाका.

थोरल्याला एकच बहीण होती. ती पुन्हा या घरात आली नाही.