उंबऱ्यातली केरसुणी

चिमणाबाईंना आत बोलवायचं की कायमचं बाहेर ठेवायचं, हे राजेश्वरीने यंदा लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी केरसुणीवर सोपवलं.

चिमणाबाई समोरच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहतात. वय एकाहत्तर, गुडघे त्याहून जास्त. राजेश्वरीची सानवी शाळा सुटली की आई बँकेतून येईपर्यंत त्यांच्याकडेच असते. गेली दोन वर्षं दोघींचा एकमेकींवाचून दिवस जात नाही. पण आश्विनात पोरीला तीनदा ताप आला, आणि तिन्ही वेळा तिने आदल्या दिवशी चिमणाबाईंच्या हातचा लाडू खाल्लेला. आमच्या कारेलीबागेतल्या बिल्डिंगमध्ये त्या महिन्यात अकरा मुलं तापली. दहांनी तो लाडू पाहिलाही नव्हता. हे मी राजेश्वरीला सांगितलं.

"काका, त्या दहांचं त्यांच्या आया बघतील," ती म्हणाली.

बँकेतल्या गुजराती मैत्रिणीने तिला उपाय दिला होता : "उंबरे सावरणी मूकी जो, डाकण होय तो ओळंगे नहीं." उंबऱ्यात केरसुणी ठेवून बघ, चेटकीण असेल तर ती ओलांडणार नाही. थांबली तर चेटकीण. मग दिवाळीच्या सुट्टीनंतर सानवी समा भागातल्या पाळणाघरात.

चूक झाली ती एवढीच. जुनी केरसुणी सकाळीच टाकून दिलेली, म्हणून राजेश्वरीने नवी आडवी घातली. धनत्रयोदशीला आणलेली, नुकतीच हळदकुंकू लावून पुजलेली.

साक्षीला मी होतो, आत सोफ्यावर.

चिमणाबाई अनारशांचं ताट घेऊन आल्या आणि उंबऱ्याशी थबकल्या. राजेश्वरीचा चेहरा पांढरा पडला.

"या ना, काकू."

"कशी येऊ? लक्ष्मी आडवी का घातलीस, बाई? उचल आधी."

"तुम्ही या तर."

"आजच्या दिवशी ओलांडू?"

राजेश्वरीने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. बाई थांबल्या होत्या, हे खरं. पण चेटकीण म्हणून थांबल्या की मराठ्याघरची बाई म्हणून, हे त्या केरसुणीला तरी कसं कळावं?

तेवढ्यात सानवी आतून "आजी!" करत धावली.

"ओलांडू नकोस!" राजेश्वरी ओरडली. "लक्ष्मी आहे ती!"

"मग मला का बोलवत होतीस?" चिमणाबाईंनी विचारलं. चिमणाबाईंनी एकदा केरसुणीकडे पाहिलं, एकदा पोरीकडे, आणि त्यांना कळलं. या गुजराती गावात जन्म काढलेल्या बाईला ते सांगावं लागत नाही.

"पोरीसाठी होय? बरं."

त्यांनी ताट कमरेशी धरलं, चौकटीचा आधार घेतला, आधी दुखरा पाय आणि मग दुसरा असे आत टाकले. वळून केरसुणीला हात जोडले, पुटपुटल्या, "माफ कर, आई," आणि बसल्या.

सुटलो, असं मला वाटलं. राजेश्वरी मात्र आणखी घाबरली. मला स्वयंपाकघराच्या दाराशी ओढून कुजबुजली, "काका, चेटकीण नाहीत हे खरं. पण लक्ष्मीपूजनाला लक्ष्मी ओलांडणारी बाई... हे शुभ धरायचं की अशुभ?"

"तू काय धरतेस?"

"मला काही सुचत नाही हो!"

बाहेर हॉलमध्ये सानवी चिमणाबाईंच्या मांडीवर चढली होती, अनारसा तोंडाशी. राजेश्वरी तिकडे धावली; तिचा हात हिसकावायला पुढे गेला, निम्म्यावर थांबला, मग पोरीच्या कपाळावर टेकला.

"गार आहे," ती म्हणाली. कुणाला, कोण जाणे.

"गारच असणार. तुझ्या हिशेबात ताप माझ्या हातचं खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी येतो ना?" चिमणाबाईंनी ताट तिच्यापुढे केलं. "घे. तूही बघ."

राजेश्वरीने एक खाल्ला. थोडा विचार केला, आणखी एक घेतला.

"काकू, सुट्टीनंतर शाळा किती वाजता सुटते, लक्षात आहे ना?"

"साडेबाराला. तुला आहे का?"

"आहे," राजेश्वरी म्हणाली. "पण उद्या सकाळी ताप मोजते. तिचाही, माझाही."

"मोज की," म्हणत चिमणाबाईंनी सानवीच्या फ्रॉकवरची खसखस झटकली.