दुपारची नक्कल

डेलमर स्ट्राउडच्या तोंडावरची टोपी श्वासागणिक वरखाली होत होती. ती तशीच होत राहील याची खात्री झाल्यावर व्हर्नाने बाकावरचा त्याचा कॅमेरा जवळ ओढला, कडेचं झाकण उघडलं आणि नखाने दाबून कार्ड बाहेर काढलं. फोनला जोडलेल्या कार्ड-रीडरच्या खाचेत ते बसवलं, दुसऱ्या टोकाला अंगठ्याएवढा ड्राइव्ह लावला आणि उरलेलं अर्धं सँडविच खायला घेतलं. एकशे अठ्ठ्याऐंशी फोटो. तीन-चार मिनिटांचं काम. डेलमरची डुलकी वीस मिनिटांची. चौदा वर्षांत ती एकदाही एकवीस मिनिटांची झाली नव्हती.

ओहायोतल्या त्यांच्या पक्षी-मंडळातली ही चौघं दर एप्रिलला टेक्सासच्या किनाऱ्यावर येत. आखात ओलांडून दमलेले पक्षी तेव्हा तिथे उतरतात. संगणक कुणीच बरोबर आणत नसे. एका वर्षी गाडीची काच फोडून कुणीतरी डेलमरचा लॅपटॉप नेला, तेव्हापासून हा नियम त्यानेच घालून दिला होता. दिवसाचे फोटो संध्याकाळी कार्डावरून त्याच्या फोटो साठवायच्या तळहाताएवढ्या डबीत उतरवायचे, मग त्याच कार्डावरून व्हर्नाच्या ड्राइव्हमध्ये. दोन्हीकडचे आकडे जुळले की मगच कार्ड पुसायचं. डबी एका गाडीत ठेवायची, ड्राइव्ह दुसऱ्या गाडीत.

आज मात्र व्हर्नाला संध्याकाळपर्यंत दम निघाला नव्हता. सकाळी दहाच्या सुमाराला दलदलीच्या पलीकडच्या कुंपणावर डेलमरला काळटोप्या दिसला होता. डोकं काळं, शेपटी वीतभर लांब, घर दक्षिण अमेरिकेत. इकडे तो वाट चुकून आला तर येतो. बाकीची तिघं धापा टाकत पोचली तोवर कुंपणावर नुसती तार उरली होती.

"फोटो आहेत," डेलमर म्हणाला होता. "तीन. संध्याकाळी बघा."

आणि लगेच त्याने ह्यूस्टनच्या ओळखीच्या माणसाला फोन लावला. जेवणाच्या वेळेपर्यंत बातमी एवढी पसरली की उद्या पहाटे नऊ गाड्या यायच्या होत्या. त्यातली एक ओक्लाहोमाहून.

व्हर्ना कोस्लरने एकतीस वर्षं एका विमा कंपनीत दावे तपासले होते. माणूस बोलायला लागण्याआधी कागदाची नक्कल करून घ्यावी, ही सवय तिथली. त्यात वाईट हेतू नसतो. पुढे कागद आणि माणूस वेगवेगळं बोलायला लागले तर आपण कुठे उभं राहायचं, ते ठरलेलं बरं असतं, इतकंच.

कार्ड जागेवर गेलं. टोपी अजून हलतच होती.

फोटो तिने पुढच्या पेट्रोलपंपावर, बायकांच्या स्वच्छतागृहात, दाराला कडी लावून पाहिले. पहिल्या दोन फोटोंत सूर्य पाठीमागे होता आणि पक्षी नखशिखान्त काळा. तिसऱ्यात तो तारेवरून उडत होता. पंख उघडलेले, आणि काखेत गुलाबी रंग, लग्नाच्या केकवर असतो तसा. तिने चित्र मोठं केलं, पुन्हा लहान केलं. कात्रीशेपट्या. शेपटी तशीच लांब, पण गुलाबी रंग फक्त याचाच; टेक्सासात हा दर मैलाला तारेवर बसलेला असतो. उलट्या उजेडात त्याचंही डोकं काळंच दिसतं.

तिला त्याचं विशेष काही वाटलं नाही. चूक कुणाचीही होते. संध्याकाळी डेलमर स्वतःच पडद्यावर गुलाबी रंग पाहील, चार शिव्या घालील, ह्यूस्टनला फोन करील, आणि चौघांतला मार्व्ह टटल वर्षभर त्याला चिडवत राहील. तिने हात धुतले आणि बाहेर येऊन सगळ्यांसाठी बर्फाची पिशवी घेतली.

संध्याकाळी सात वाजता मोटेलच्या न्याहारीच्या खोलीत दिवसाची यादी वाचायला चौघं बसली. यादी नेहमी लोइस पेटीबोन वाचायची. आवाज मऊ, हातात पेन्सिल.

"वाईट बातमी आहे," डेलमर उभ्यानेच म्हणाला. "कार्डाने दगा दिला. बाकीचे सगळे डबीत आले. नेमके ते तीन नाही आले. मला वाटलं आले, म्हणून मी कार्ड पुसून बसलो."

"माझ्याकडे यायच्या आधीच?" व्हर्नाने विचारलं.

"दमलो होतो गं. चुकलं."

मार्व्हने खुर्ची मागच्या दोन पायांवर तोलली. "फोटो नाही तर पक्षी नाही, असं कोण म्हणायचं बरं आपल्यात? माझं घुबड खोडलं होतंस तू. माझ्या बायकोच्या वाढदिवसाला."

"तुझं घुबड म्हणजे मांजर होतं, मार्व्ह."

"मांजराला पंख होते, बाबा."

"अरे, पुरे," लोइस म्हणाली. "चाळीस वर्षं मंडळाची यादी सांभाळतोय हा माणूस. याचा शब्द नाही धरायचा तर कुणाचा धरायचा? मी लिहिते काळटोप्या. एक."

व्हर्ना डेलमरकडे पाहत होती. तो आता नको म्हणेल, स्वतःचाच नियम दाखवील, पक्षी सोडून देईल, असं तिला वाटलं. तो चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत बसला.

तिच्या टेबलावर असे दावे पुष्कळ येऊन गेले होते. घराला आग लागते, कपाट शाबूत राहतं, आणि कपाटातल्या नेमक्या तीन पावत्या जळतात. अशा वेळी ती माणसाला पाणी विचारायची आणि थोडा वेळ एकटं सोडायची.

पिझ्झावाला आला. मार्व्ह आणि लोइस दाराकडे गेले, आणि जैतून कुणाचे, कांदा कुणाचा यावर त्यांचा वाद सुरू झाला. व्हर्नाने पर्समधून ड्राइव्ह काढून डेलमरच्या कपाशेजारी ठेवला.

"दुपारी तू झोपला होतास तेव्हा कार्ड उतरवून घेतलं होतं," ती म्हणाली. "मला धीर नव्हता. एकशे अठ्ठ्याऐंशी आहेत. तुझं काही हरवलेलं नाही."

डेलमरने चष्मा चढवला. ड्राइव्हकडे पाहिलं, मग दाराकडे.

"तू पाहिलेस?"

"कधी पाहणार? दिवसभर गाडी कोण चालवत होतं?"

"पेट्रोलपंपावर बराच वेळ लागला तुला."

"चौसष्ट वर्षांची आहे मी, डेलमर. लागतो वेळ."

तो हसला नाही. ड्राइव्ह त्याने उचलला आणि शर्टाच्या खिशात टाकला. डबी समोरच होती, तिला पडदा होता, लावून पाहायला अर्धं मिनिट पुरलं असतं. हरवलेली वस्तू सापडली की माणूस आधी ती उघडून पाहतो, हे व्हर्नाला पक्कं ठाऊक होतं. त्याने खिशाचं बटण लावलं.

त्या गुलाबी रंगाबद्दल चौघांसमोर बोलता आलं असतं, आणि त्यानंतर मंडळातल्या कुणीही डेलमरने सांगितलेली चिमणीसुद्धा धरली नसती. ओक्लाहोमाची गाडी कदाचित आत्ता निघतही असेल. तिने कागदी बशा मांडल्या. जैतूनवाला तुकडा त्याच्याकडे सरकवला. जैतून त्यालाच आवडायचे.

लोइसने वाचायला सुरुवात केली. बदकं, बगळे, पाणकावळे. प्रत्येक नावाला थांबायचं, कुणी आकडा सांगायचा, बाकीच्यांनी मान हलवायची. मार्व्ह भरल्या तोंडाने आकडे सांगत होता. सुतार झाले, ससाणे झाले. डेलमरचा तुकडा तसाच गार पडत होता. यादी माशीमारांपर्यंत, काळटोप्याच्या कुळापर्यंत आली.

"कात्रीशेपट्या," लोइसने वाचलं. "सत्तावीस. आणि त्याच्या खाली आपला..."

"अठ्ठावीस," डेलमर म्हणाला.

"अरे, सत्तावीस," मार्व्ह म्हणाला. "तारेवरचा एकेक मी मोजलाय. मुद्दाम."

"एक दलदलीपाशी होता. कुंपणावर. दहा वाजता." डेलमरचा हात खिशावर होता. "फोटो आहे माझ्याकडे."

मार्व्हची खुर्ची चारी पायांवर आली. काही बोलायला त्याने तोंड उघडलं, व्हर्नाकडे पाहिलं आणि घास गिळला.

लोइसने सत्तावीसचे अठ्ठावीस केले. मग पेन्सिल उलटी धरून खालची ओळ खोडायला घेतली. बराच वेळ खोडत होती. डेलमर उठला आणि ह्यूस्टनचा नंबर शोधत बाहेर गाड्यांपाशी गेला.