भोंग्याचा आवाज

बसस्थानकातले लोक बाबांना भोंगा म्हणायचे आणि बाबांना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. वाटायचं कशाला? बत्तीस वर्षं काचेच्या खिडकीमागच्या लहानशा खोलीत बसून त्यांनी गाड्या पुकारल्या होत्या. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागलीये, कुठलीला उशीर होणार, कुणाचं पोर हरवलंय, कुणाची पिशवी सापडलीये, सगळं त्यांच्या तोंडून. माइक बिघडला की सरळ खिडकी उघडून ओरडायचे आणि शेवटच्या फलाटावरचा माणूसही धावत सुटायचा. घरीही तोच थाट. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे, जेवण तयार आहे," असं स्वयंपाकघरातून पुकारायचे. शेजारच्या तीन घरांना ते ऐकू जायचं आणि ठमी, त्यांची एकुलती एक लेक, लाजेनं मेल्याहून मेल्यासारखी व्हायची.

अशा माणसाची नेमकी जीभच आधी जावी, याला काय म्हणायचं? नसांचा आजार. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, आधी जीभ, मग घसा, मग हात. किती दिवसांत, ते नाही सांगता यायचं. बाबा तेव्हा अजून बोलत होते, पण शब्दांच्या कडा झिजल्यासारख्या झाल्या होत्या. "भाकीत बरं नाही," असं म्हणायला गेले आणि ते "भाजीत बरं नाही" असं ऐकू आलं. बाबा स्वतःच हसत सुटले. ठमीला हसू आलं नाही.

रुग्णालयात महिन्यातून एकदा एक बाई यायच्या, बोलणं बिघडलेल्या माणसांना मदत करणाऱ्या. बाबांनी त्यांचं नाव 'बोलण्याच्या बाई' ठेवलं होतं. त्यांनी ठमीच्या हातात तीनशे वाक्यांची कागदं ठेवली आणि काड्यापेटीएवढा एक रेकॉर्डर दिला.

"ही वाक्यं यांच्या आवाजात भरून ठेवा," त्या म्हणाल्या. "पुढं बोलता येईनासं झालं की हे यंत्रावर अक्षरं दाबतील आणि यंत्र यांच्याच आवाजात बोलेल. पण आवाज आहे तोवरच भरायला हवा हं. चालढकल करू नका."

"यंत्र कुठंय?" ठमीनं विचारलं.

"ते मात्र आमच्याकडे नाही. चार वर्षं मागतेय मी. आलं तर आलं."

बाईंनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या आणि ठमीच्या मनानं त्यातली दुसरी घट्ट धरली. तसा तिचा स्वभावच. चष्म्याच्या दुकानात ती लोकांचे नंबर तपासायची, आणि समोरच्याला खालची ओळ दिसत नाही म्हटल्यावर तिला चैन पडायचं नाही. यंत्र नाही म्हणजे काय? आणू की! त्याच दुपारी तिनं ओठांवर पांढरी चिकटपट्टी लावली, हातात एक पुठ्ठा धरला आणि स्वतःचा व्हिडिओ केला. पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, 'माझ्या बाबांचा आवाज चाललाय. त्यांच्यासाठी मी आज दिवसभर गप्प. तुम्ही?' खाली तीन मैत्रिणींची नावं आणि रुग्णालयाला मदत कुठं पाठवायची तो पत्ता.

मैत्रिणींनी पट्ट्या लावल्या. त्यांच्या मैत्रिणींनी लावल्या. आठवड्याभरात वणवा पेटला म्हणा ना! नटांनी लावल्या, खेळाडूंनी लावल्या, शाळांमधल्या वर्गच्या वर्गांनी लावल्या. एका बहाद्दरानं तर पोपटाच्या पिंजऱ्यालाच पट्टी लावली आणि तोच व्हिडिओ सगळ्यात जास्त बघितला गेला. मदत कुठं पाठवायची, हे त्यानं लिहिलंच नव्हतं.

बाबांनी पोपट तीनदा पाहिला. मग सावकाश, एकेक शब्द जमवत म्हणाले, "अठ्ठावीस वर्षं... तुला गप्प बसवायला... मला नाही जमलं. पट्टीनं... जमवलं की."

"बाबा, तुमच्यासाठीच चाललंय हे."

"माहितीये... गं."

आणि वाक्यं? वाक्यं राहत होती. संध्याकाळी बाबांची जीभ दमून जायची, म्हणून सकाळीच भरायची असं ठरलं. सकाळी ठमीचं दुकान. म्हणून रविवार. पहिल्या रविवारी मुलाखत घ्यायला कुणी आलं. दुसऱ्या रविवारी रुग्णालयाच्या साहेबांनी बोलावलं. यंत्राचं जमेल असं दिसतंय म्हणाले, ठमी नाचतच घरी आली. उगाच तिला कुणी मिरवणारी म्हणू नये. कौतुकाच्या एका शब्दाचाही तिला स्वतःसाठी सोस नव्हता. पण चांगल्या कामाची एक वाईट खोड असते, ते माणसाला दुसरं काही दिसू देत नाही. "पुढच्या रविवारी नक्की," ती म्हणायची, आणि बाबा मान डोलवायचे.

पुढचा रविवार मौनाचा दिवस ठरला. आयोजक म्हणून पुढं आलेल्या मंडळींनी मोठं मैदान घेतलं. हजारो माणसांनी पट्ट्या लावून एक तास गप्प उभं राहायचं, आणि ठमीनं उठल्यापासून बोलायचं नाही. बाबांनाही मंचावर बसवायचा बेत होता. बाबांनी साफ नकार दिला.

"मला गप्प करायला... आजार पुरे आहे. एवढी माणसं... कशाला?"

त्या सकाळी ठमी पट्टी लावूनच खोलीबाहेर आली, कारण दारापासूनच तिचं चित्रण होणार होतं. बघते तर बाबा जेवणाच्या टेबलापाशी बसलेले. दाढी केलेली, नोकरीतला निळा शर्ट इस्त्री करून घातलेला, वरचं बटण लावलेलं. समोर तीनशे वाक्यांची कागदं नीट एकावर एक ठेवलेली. नाकावर तिनंच नंबर काढून दिलेला चष्मा.

"ठमे," बाबा म्हणाले. आवाज बराच मोकळा होता. "आज जीभ... बरी आहे. खूप बरी. बसू या?"

ठमीनं पट्टीकडे बोट दाखवलं. मग मनगटावरच्या घड्याळाकडे. मग हातानंच, संध्याकाळी, संध्याकाळी नक्की. खाली गाडीचा हॉर्न वाजला. तिनं बाबांच्या खांद्यावर थोपटलं आणि पर्स उचलली. पर्समध्ये रेकॉर्डर होता. मैदानावर लोकांना दाखवायला आणा, असं आयोजकांनी सांगितलं होतं.

"बरं," बाबा मागून म्हणाले. "तोवर मी... सराव करतो."

मैदान भरलं होतं. इतकी माणसं आणि चिडीचूप! ठमीच्या अंगावर काटा आला. मंचावर आयोजकानं तिच्यापुढं एक चिठ्ठी सरकवली, 'रेकॉर्डर चालू करा. या शांततेचा आवाज भरून घेऊ.' तिनं लाल बटण दाबलं. तासभर ती डोळे मिटून उभी होती, बाबांचा विचार करत होती आणि खरं खरं रडत होती. कॅमेरे जवळ आले, तेही तिला कळलं नाही.

संध्याकाळी सहाला तिनं जिन्यातच पट्टी ओढून काढली. ओठांची साल निघाली. "बाबा, आले मी! चला, बसू या," ती दारातूनच ओरडली.

बाबा आरामखुर्चीत मागं टेकले होते. त्यांनी मान हलवून नको म्हटलं आणि घशाकडे हात नेला. आत्यानं, म्हणजे घरातच राहणाऱ्या त्यांच्या थोरल्या बहिणीनं, पाण्याचा पेला तोंडाला लावला. घोट भलतीकडे गेला. आधी ठसका लागला, मग श्वासच मिळेना. आत्या पाठ चोळत होती आणि ठमी हातात फोन धरून पत्ता सांगत होती.

छातीत पाणी झालं. अकरा दिवस बाबा अतिदक्षता विभागात होते. श्वासासाठी गळ्याला भोक पाडून नळी बसवावी लागली. बाबा वाचले. आवाज गेला.

आता राहिलं यंत्र. तर यंत्र आलं! एक नव्हे, तीन आली. बोलण्याच्या बाई महिन्यातून एकदा यायच्या, त्या आठवड्यातून तीन दिवस येऊ लागल्या. पट्टीवाल्यांना नावं ठेवणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं. वॉर्डात बाबांच्या शेजारच्या खाटेवर एक चित्रकलेचे मास्तर होते, त्यांच्या बायकोनं वेळेवर त्यांचा आवाज भरून ठेवला होता. त्यांचं यंत्र लागलं आणि मास्तर त्यांच्याच घोगऱ्या आवाजात म्हणाले, "चहात साखर कमी आहे." बायको एकदम हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आणि तशीच उठून ठमीपाशी आली.

"पोरी, तुझ्यामुळे गं," तिनं ठमीचे दोन्ही हात धरले. "तुझ्यामुळे हा माणूस मला परत मिळाला."

ते खरंच होतं. ठमीला नाही म्हणता येईना आणि हो म्हणायला तोंड उघडेना.

मग बाई बाबांच्या खाटेशी आल्या. "भोंगासाहेब, तुमची पाळी. भरलाय ना आवाज?"

ठमीनं पर्समधून रेकॉर्डर काढून दिला. सांगून टाकायचं तिनं चार दिवस ठरवलं होतं, धीर झाला नव्हता. बाईंनी बटण दाबलं. वाऱ्याचा आवाज आला. कुणीतरी खोकलं. लांबून एका लहान मुलानं विचारलं, "आई, संपलं का?" आणि त्याला कुणी तरी श्शू केलं. मग काहीच नाही. आता शब्द सुरू होतील म्हणून बाई बराच वेळ कान देऊन बसल्या.

"हे काय आहे?"

"मौन," ठमी म्हणाली. "त्या दिवशीचं."

बाईंनी बटण बंद केलं. खाटेच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या आत्याचा बांधच फुटला.

"अगं, वाचलं होतं गं त्यानं त्या दिवशी! सकाळपासून वाचत बसला होता. 'दार लावून घे', 'उशी वर कर', 'आज बरं वाटतंय', एकेक वाक्य दोन दोनदा. दोनशे अकरापर्यंत गेला. मी म्हटलं, अरे दमशील, पुरे कर. तर म्हणतो, ठमी आली की चुका नकोत. खणखणीत वाचत होता, स्थानकात पुकारायचा तसा. सगळं जग तोंड बांधून बसलं होतं आणि एकटा हा बोलत होता. आणि ऐकायला कोण? तर मी! अर्धी बहिरी! काय करू मी आता ते ऐकून?"

तिनं पदर तोंडाला लावला. ठमी खाटेच्या कडेवर बसली. तिला बाबांकडे बघवत नव्हतं.

बाईंनी यंत्र बाबांच्या मांडीवर ठेवलं. त्यात तयार आवाज होते, त्यातला एक त्यांनी लावला. कुणा तरुण माणसाचा, स्वच्छ, बातम्या वाचल्यासारखा. बाबांच्या उजव्या हाताचं एक बोट अजून चालत होतं. त्यांनी एकेक अक्षर शोधलं, चुकलेलं पुसलं, पुन्हा दाबलं. सगळे थांबले होते. मास्तरांची बायकोसुद्धा.

"सरावात छान झालं होतं," यंत्र म्हणालं.

ठमीनं झटकन वर पाहिलं. ही थट्टा होती का? बाबा थट्टेत असं म्हणायचे, शेवटचा शब्द लांबवून. की बोल लावला त्यांनी? रागावले तरी ते असंच थोडक्यात बोलायचे, पण मग आवाज खाली यायचा. आयुष्यभर तिनं त्यांचं मन त्या आवाजावरून ओळखलं होतं. चेहऱ्यावरून काही कळेना, गाल कधीचे ढिले पडले होते.

"बाबा," ती म्हणाली, "परत म्हणा ना. एकदाच."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि बटण दाबलं. तरुण माणसानं तेच वाक्य पुन्हा तसंच्या तसं म्हटलं.