मी भुईबाळाचा हिवर

मी एक जुना हिवर आहे. होतो म्हणा हवं तर. आता माझा सहा फुटांचा तुकडा उरला आहे आणि तो सिमेंटमध्ये उभा पुरलेला आहे. पण मित्रांनो, बोलायची सवय काही गेली नाही, म्हणून सांगतो.

कळमनुरीहून नांदेडच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला एक राखीव जंगल आहे. जंगल म्हणजे तुमच्या पुस्तकातल्या चित्रासारखं गर्द हिरवं नव्हे. मुरमाड माळ, तरवड, बोरी, थोडा साग आणि आम्ही काटेरी मंडळी. तिथं एका शेळीच्या लेंडीतून मी रुजलो. माझ्या जन्माची कथा एवढीच, तिला फार रंगवत नाही. साठ पावसाळे काढले. एकाही पावसाळ्यात मला कोणी खत घातलं नाही की पाणी घातलं नाही.

वडाला फेऱ्या, पिंपळाला पार, लिंबाला पाडव्याचा मान. माझ्या वाट्याला काय, तर शिव्या. हिवराची सावली वाईट, हिवराखाली झोपलेला माणूस उठत नाही, असं म्हणत गावचे लोक भर उन्हात मला वळसा घालून जायचे. साठ वर्षांत माझ्याखाली कोणी मेलेलं मी तरी पाहिलं नाही. पण माझं कोण ऐकतं! माझ्या सावलीला एकच बाई बसायची. ती तांड्यावरची जनकाबाई. तिच्या शेळ्यांना माझ्या शेंगा फार आवडत. शेळ्या चरायच्या आणि ती माझ्या बुंध्याला पाठ लावून भाकरी खायची.

आता त्याची गोष्ट सांगतो, ज्याच्यामुळे माझं वाटोळं झालं आणि तरीही ज्याच्यावर मला रागावता आलं नाही.

एका वर्षी पोळ्यानंतर माझ्या एका मुळाला काहीतरी चिकटलं. गोचीड चिकटावी तसं. माझं पाणी पिऊ लागलं, मी कष्टानं साठवलेलं सगळं ओढू लागलं. मी चिडलो. म्हटलं, हा कोण आयतोबा? मग ते जमिनीवर आलं. चार बोटं उंच, अंगावर एक पान नाही, हिरवेपणाचा पत्ता नाही, नुसतं जांभळट तपकिरी बोंड. ते उमललं तेव्हा आतून केशरी होतं, आणि ताज्या गुळासारखा वास त्याला होता. आठ-दहा दिवस राहिलं आणि सुकून गेलं. पुढच्या वर्षी त्याच मुळावर पुन्हा आलं.

खरं सांगू? मला त्याचा लळा लागला. सगळं जग मला टाळत होतं आणि हे एवढंसं पोर मला सोडून जगू शकत नव्हतं. श्रावण सरला की मी त्याची वाट पाहायचो. जनकाबाईला ते माहीत होतं. ती त्याला भुईबाळ म्हणायची आणि त्या दिवसांत शेळ्यांना तिकडे फिरकू द्यायची नाही.

तीन वर्षांपूर्वी प्रतिक्षा मॅडम आल्या. तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी तरुण बाई. गळ्यात कॅमेरा, हातात भिंग. चार दिवस माळावर वाकून वाकून काहीतरी शोधत होत्या. चौथ्या दिवशी जनकाबाईनं विचारलं, बाई, तुमी काय हुडकून राहिल्या? मॅडमनी एक जुनं चित्र दाखवलं. जनकाबाई हसली आणि त्यांना थेट माझ्याकडे घेऊन आली.

मॅडम जमिनीवर पालथ्या पडल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ही वनस्पती कित्येक वर्षांत कोणाला दिसलीच नव्हती म्हणे. जनकाबाईनं माती थोडी बाजूला केली आणि बोट ठेवून दाखवलं.

"हे ह्या झाडाला पितंय, बाई. झाड हाय तवर हे हाय."

हे वाक्य लक्षात ठेवा मित्रांनो. पुढे ते कोणीच लक्षात ठेवलं नाही.

पेपरात बातमी आली. फोटो आला, मॅडमचा आणि भुईबाळाचा. जनकाबाई फोटोत होती, पण तिचा नुसता खांदा. बातमीत तिचं नाव 'एक स्थानिक महिला' असं होतं. माझं तर तेवढंही नाही. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ना, तसं माझं भुईबाळ एका रात्रीत जिल्ह्याचं भूषण झालं. मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण म्हटलं, पोराचं कौतुक होतंय, आपण मुकाट्यानं पाणी पुरवावं.

मग कौतुक वाढलं. पुढच्या पोळ्यानंतर जिल्ह्याचे मोठे साहेब बघायला येणार असं ठरलं. समिती झाली. सरपंच किसनराव तिचे अध्यक्ष. माणूस वाईट नव्हता, उत्साही होता, आणि उत्साही माणसाची मला आता भीती वाटते. समितीचे लोक जागा बघायला आले. किसनरावांनी वर पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"असं सोन्यासारखं फूल, अन् हिवराच्या सावलीला? मरून जाईल की."

सगळ्यांनी माना हलवल्या. कुंपण ठरलं, फरशी ठरली आणि फुलाच्या भल्यासाठी हिवर काढायचं ठरलं. एरवी इथली वाळकी काटकी उचलली तरी ओरडा होतो. मला तोडायची परवानगी मात्र आठ दिवसांत आली, कारण काम फुलाचं होतं. हे झाड फुलाचं अन्न आहे असं प्रतिक्षा मॅडमनी अहवालात लिहिलं होतं. अहवाल चाळीस पानी आणि इंग्रजीत. तो कपाटात होता आणि मॅडम तेव्हा परिषदेला बाहेरगावी होत्या. ज्या गावात फूल होतं त्या गावाला चार ओळी मराठीत सांगायचं त्यांना सुचलं नाही. त्यांचीही चूक आहे, मी ती झाकणार नाही.

झाड पाडायच्या मजुरांत जनकाबाईचा मुलगा धनसिंग होता. ती पळत आली आणि माझ्या बुंध्याला हात लावून उभी राहिली. ती त्याला समजावत होती, तो मान खाली घालून उभा होता. साहेबांचा हुकूम आहे, मी न्हाई तोडलं तर दुसरा तोडेल, एवढंच तो म्हणाला. किसनरावांनी तिला हाताला धरून बाजूला नेलं. म्हणाले, मावशी, तुमाला यातलं काय कळतं?

भुईबाळ तेव्हा नुकतंच वर आलं होतं. त्याला धक्का लागू नये म्हणून मुकादमानं त्याच्यावर एक टोपलं पालथं घातलं, वर ओलं पोतं टाकलं. केवढी ती काळजी! आणि मग शेजारी कुऱ्हाड चालली. मी पडलो. जेसीबीनं बुंधा मुळांसकट उपटला. ज्या मुळावर ते बसलं होतं, ते मूळ तुटताना मला कळलं. दुखलं मला, पण त्याहून जास्त त्याच्यासाठी दुखलं.

माझ्या खोडाचा एक सरळ तुकडा त्यांना पसंत पडला. त्याचा खांब केला. म्हणून पुढचं सगळं मला उभ्यानं पाहावं लागलं.

तिसऱ्या दिवशी साहेब आले. हार, नारळ, फोटो. प्रतिक्षा मॅडम धावतपळत पोचल्या आणि त्यांनी आधी फुलाकडे नाही, वर आभाळाकडे पाहिलं.

"हिवर कुठंय?"

"काढला, मॅडम," किसनराव अभिमानानं म्हणाले. "तुमच्या फुलासाठीच काढला."

मॅडम होत्या तिथं खाली बसल्या. साहेबांनी टोपलं उचललं. आत काळं पडलेलं बोंड मातीवर आडवं झालं होतं. कुंपणाबाहेर जनकाबाई उभी होती. तिचा आवाज चढलाही नाही.

"दूध तोडलं, अन् लेकराला झाकून ठिवलं."

त्यानंतर दोन पोळे गेले. तिथं काही उगवलं नाही. मॅडम दर वर्षी येतात, वाकून पाहतात, जनकाबाईची माफी मागतात आणि जातात. धनसिंग या बाजूला येत नाही. जनकाबाई कुंपणाबाहेर उन्हात भाकरी खाते. आत शेळ्यांना मनाई आहे आणि सावली तर आता कुठेच नाही.

मित्रांनो, माझं मागणं एवढंच आहे. कोणाला जपायला निघालात, तर ते कोणाच्या जिवावर जगतं हे आधी विचारा. आणि ज्याला ठाऊक आहे त्याला विचारा, त्याच्या हातात भिंग नसलं तरी.

परवा एका शाळेची सहल आली होती. मुलं फूल कुठं आहे म्हणून फरशीवर शोधत होती. गुरुजींनी त्यांना माझ्यासमोर रांगेत उभं केलं आणि फलक मोठ्यानं वाचायला लावला. 'दुर्मिळ वनस्पती संरक्षण क्षेत्र. येथील झाडांच्या पानालाही हात लावू नये.' मुलांनी एका सुरात वाचलं. तो फलक चार खिळ्यांनी ठोकला आहे, आणि चारही खिळे माझ्या अंगात आहेत.