मिटलेल्या शिंपल्यात

टक्.

भर दुपारी घर गप्प होतं. सुगंधाने चमच्याच्या दांड्याने माझ्या शिंपल्यावर हलकेच ठोकलं आणि मी चटकन मिटले.

"ही जिवंत हाय," ती शेजारी बसलेल्या लेकीला, सुलूला म्हणाली. "ठोकल्यावर मिटत नाय ती मेलेली. ती टाकायची."

मित्रांनो, मी एक जुनी तिसरी आहे, खाडीतली शिंपली. तीन पावसाळे पाहिले. आमच्यात एवढं म्हातारपण पुष्कळ झालं. मुर्ध्याच्या खाडीत, मिठागराच्या बांधाखालच्या चिखलात मी वाढले. मोहरीएवढी होते तेव्हापासून मला एकच काम येतं. माझ्या अंगाला दोन नळ्या आहेत. एकीने पाणी आत ओढायचं, त्यातलं बारीक शेवाळ खायचं, गाळाच्या गोळ्या करून खाली टाकायच्या आणि दुसरीने गाळलेलं पाणी सोडायचं. भरतीला आम्ही हजारोजणी हेच करायचो.

ओहोटीला सुगंधाची सासू आनंदी चिखलात उतरायची, पायाच्या बोटांनी आम्हांला शोधायची. "ह्या हायत म्हनून पानी नितल हाय," म्हणायची. बारक्या असतील त्या परत टाकायची. दोनदा तिने मलाही सोडलं.

मग वरच्या नाल्यातून वेगळंच पाणी येऊ लागलं. कधी तांबडं, कधी निळसर. आम्ही तेही आत घेतलं. आम्हांला दुसरं येतंच काय? पण त्याची गोळी होईना. ते माझ्या मांसात उतरलं आणि तिथेच राहिलं. शेजारणी एकेक करून उघड्या पडू लागल्या. ओहोटी आली तरी मिटेनात.

आज आनंदीला सकाळभर वाकून ओंजळभरच मिळाल्या. "निसत्या रिकाम्या शिंपा हायत गो सुगंधे," टोपली ठेवत ती म्हणाली. "पोरीपुरता रस्सा झाला तरी बस."

सुलू नुकतीच तापातून उठली आहे. तिसऱ्यांच्या रश्शाने अंगात ताकद येते, असं ह्या घरात मानतात.

वाळू ओकायला सुगंधाने आम्हांला खाडीच्याच गढूळ पाण्यात ठेवलं होतं. सवयीने मी कामाला लागले. दुपारपर्यंत पातेल्याचा तळ दिसू लागला.

"आई, पाणी कुणी धुतलं?" सुलूने विचारलं.

"ह्यांनीच. घाण पोटात घेतात नि चांगलं पाणी सोडतात. लय गुणाच्या."

चुलीवर आधणाला कढ आला आहे. मित्रांनो, मला त्याचं भय नाही. आमचा शेवट बहुधा असाच होतो. भय वेगळंच आहे. ठोकलं की मी मिटते, जिवंत आहे एवढंच मला सांगता येतं. आत काय साठलंय ते सांगता येत नाही. म्हणून तुम्ही तरी एकदा नाल्याच्या तोंडाशी जा. तिथून काय येतंय ते पाहा, विचारा. आम्ही उरलो आहोत तोवर विचारा.

सुगंधाने मला उचललं. सुलूने तिचा पदर धरला.

"आई, मग ती घाण हिच्या पोटातच हाय ना? मी हिला खाल्ली की ती कुठं जाईल?"

सुगंधाचा हात आधणावर तसाच थांबला.