लग्नापासून मोजलेले आठवडे

पाचोऱ्याच्या दवाखान्यात सोनोग्राफी करताना डॉक्टरबाईंनी पडद्यावरचं बाळ डोक्यापासून बुडापर्यंत मोजलं आणि हसून म्हणाल्या, "छान वाढ आहे. दहा आठवडे झाले." रूपाला आनंद मावेना. येताना पेढे घ्यायचं सकाळीच ठरलं होतं. तिचा नवरा दीपक मात्र पेढ्यांच्या दुकानावरून तसाच पुढे गेला.

घरी सासूबाईंनी, प्रमिलाबाईंनी, बोटांवर हिशेब मांडला.

"लगीनले आठच हप्ता व्हयनात. मंग ह्या दोन हप्ता कोना शेतस?"

रूपा देव्हाऱ्यापुढे जाऊन उभी राहिली. "अक्का, देवनी आन..."

"मशीन का खोटं बोलस?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो चपलेचा अंगठा नीट करत बसला. आठवडे मोजायला सगळे हुशार, पण डॉक्टरबाईंना एक शब्द विचारावा एवढं कुणाला सुचलं नाही. दिवेलागणीच्या आत प्रमिलाबाईंनी गोष्ट नळावरच्या बायांपुढे काढली, आणि दुसऱ्या दिवशी रूपा पिशवी घेऊन माहेरी आली.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळच होती. शेजारणींना वाटलं, लेक सणाला आली. झोके बांधले गेले, रूपा एकावरही बसली नाही. शेवटी तिची आई लताबाई तिला त्याच डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली.

डॉक्टरबाई संतापल्याच. "अहो, आठवडे शेवटच्या पाळीपासून धरतात. गर्भ राहतो त्यानंतर दोनेक आठवड्यांनी. लग्नाशी हिशेब अगदी जुळतो!" त्यांनी तिथूनच दीपकला फोन लावला.

आखाजीच्या दिवशी प्रमिलाबाई आणि दीपक पेढे घेऊन दारात उभे राहिले.

"चाल बेटा घर," प्रमिलाबाई म्हणाल्या. "आम्हनी समजमा चूक व्हयनी."

लताबाईंचे डोळे भरून आले. "जाय बेटी."

रूपा जागची हलली नाही. "अक्का, नळवर बठ्ठास्ना म्होरे बोलनात ना? आते तठेच, बठ्ठास्ना म्होरे सांगा, चूक तुम्हनी व्हती. मंग मी येसू."

"गावम्होरे? मन्ही इज्जत काय ऱ्हाई?"

"आनि मन्ही?"

दीपकने चपला पायात सरकवल्या. पेढ्यांचा पुडा तसाच परत गेला.

आता रूपाचं पोट पदराआड मावत नाही. ती माहेरीच आहे. सासरच्या गल्लीत नळ रोज येतो. प्रमिलाबाई हल्ली पाण्याला जात नाहीत, दीपकला पाठवतात. तो खाली मान घालून हंडे भरतो, आणि नळावरच्या बायाही त्याला काही विचारत नाहीत.