पाणपोईवरचा देव

लालबागच्या नाक्यावर पाणपोई बांधून तयार होती. नळ आला होता, तोटी बसली होती. नव्हतं ते फक्त पाणी. आधी देवाच्या नावाची शिळा बसेल, मगच पाणी सुटेल, असा कमिटीचा ठराव होता. गुणाजी पाथरवटाला तो ठराव झोपेतसुद्धा म्हणता आला असता. शिळा त्याच्याच ओट्यावर पडली होती, आणि त्याची पोटुशी बायको मालन पलीकडच्या वाडीतल्या विहिरीवरून पाणी वाहत होती.

"अवो, तुमचा देव ठरला का?" मडकं उतरवताना ती विचारायची.

"ठरला होता. काल पुन्हा बदलला."

पहिल्यांदा शिळेवर 'श्रीहरी' होतं. कमिटीतले शिवभक्त रुसले, म्हणून 'परमेश्वर' झालं. नळ देणाऱ्या पारशी शेटजींनी फार गोड हसून 'होरमझद' सुचवलं. भिंत बोहरी व्यापाऱ्यांनी बांधून दिलेली, त्यांना 'अल्ला' हवं होतं. जागा परळच्या एका किरिस्तावाची, त्याला 'देवबाप'. शेवटी कमिटीचे चिटणीस, गिरगावचे हेरंबराव मास्तर, यांनी 'निराकार' अशी तोड काढली. कोरून झाल्यावर त्यांचीच झोप उडाली. निराकाराला अक्षरांचा आकार दिला, तर तो निराकार उरला कुठे?

दर वेळी गुणाजी जुनं नाव तासून काढायचा आणि नवं कोरायचा. कडेची वेलबुट्टी हेरंबरावांच्या मनात भरलेली, तिला हात लावायचा नाही. तेव्हा कडा होत्या तिथे राहिल्या आणि मधला दगड खोल खोल जात राहिला.

त्यात मालनचा कायदा. देवाच्या नावाचा भुगा केरात जाता कामा नये, पायाखाली येता कामा नये. ती तो पदरात गोळा करून मोठ्या मडक्यात ठेवी. घरात मडकी दोनच. मोठं देवांनी अडवल्यावर पाणी लहान मडक्यातून येऊ लागलं आणि विहिरीच्या खेपा दुप्पट झाल्या.

"हे पण तास," हेरंबराव छत्री टेकवत म्हणाले. "नवं नाव पुढच्या सभेत ठरेल."

"मास्तर, दगडाची परात झाली. आता नाव कोरू कुठे?"

"परातीत कोर. तुझं काम कोरायचं, आमचं ठरवायचं."

"मग ठरवा की एकदाचं!"

"घाई करून कसं चालेल? देवाचा प्रश्न आहे."

गुणाजीनं 'निराकार'ही तासून काढलं आणि त्याचा भुगा मडक्यात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीच्या वाटेवर मालनचा पाय घसरला. ती सावरली, लहान मडकं फुटलं. घरी येऊन पायरीवर बसली आणि धापा टाकत म्हणाली, "आता पाणी कशात आणू? मोठ्यात तुमची मंडळी बसलीत."

गुणाजी उठला. त्यानं शिळा डोक्यावर घेतली, मडकं काखेत मारलं आणि नाका गाठला. चुना कालवला, त्यात मडक्यातला सगळा भुगा ओतला आणि त्या चुन्यावर शिळा तोटीखाली आडवी बसवली. पाणी झेलायला झकास कुंडी झाली. नळवाल्याला हुकूम एवढाच होता, की शिळा बसली की चावी फिरवायची. उभी बसावी की आडवी, हे हुकमात नव्हतं. त्यानं चावी फिरवली.

बातमी कळताच हेरंबराव धापा टाकत आले. तोवर मागोमाग आलेली मालन मडकं विसळून रांगेत पुढे उभी होती.

"अरे, देव कुठायत?"

"चुन्यात."

"सगळे?"

"सगळे. एकालाही वगळलं नाही."

हेरंबरावांच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं. कमिटीत कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती. मग कपाळावर एक आठी आली.

"गुणाजी, खरं सांग. चुन्यात आधी कुणाला घातलंस?"

गुणाजीनं कमरेच्या हातोड्याकडे पाहिलं, मग मास्तरांच्या पगडीकडे.

"मास्तर," मालन मडकं तोटीखाली सरकवत म्हणाली, "जरा बाजूला व्हा. पाणी वाया चाललंय."